मुकबांग बघायची सवय मोडायची आहे, उपाय सुचवा

जांभळी_सावली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

वय १९, कॉलेजचं दुसरं वर्ष, वसतिगृहात राहते. सातवीपासून बीटीएसची आर्मी आहे. (माहीत नसलेल्यांसाठी: बीटीएस म्हणजे कोरियन गायक मुलांचा गट आणि आर्मी म्हणजे त्यांच्या चाहत्यांचं नाव, बंदूक-बिंदूक काही नाही.) दिवस साधारण असा जातो. गजर तीनदा पुढे ढकलून उठायचं, पहिला तास अर्ध्या झोपेत, मग प्रॅक्टिकल, मग दुपारची सुट्टी, मग पुन्हा प्रॅक्टिकल. संध्याकाळी जर्नल पूर्ण करायच्या नावाखाली त्यांच्या लाइव्हची भाषांतरं वाचायची. रविवारी फोटोकार्डं (त्यांचे छोटे छापील फोटो) प्लास्टिकच्या कप्प्यांतून काढायची, पुसायची आणि पुन्हा त्याच कप्प्यांत ठेवायची. आमच्या खोलीत याला 'सावलीची पूजा' म्हणतात.

तर अडचण ही की मला मुकबांगचं व्यसन लागलंय. सुरुवात साधी होती. बीटीएसमधला जिन समोर ताट घेऊन बसायचा, गप्पा मारत खायचा, ते 'ईट जिन'चे व्हिडिओ मी बघायचे. तेवढंच. आता कोणाचेही बघते. बाई नूडल्स खातेय, माणूस कुरकुरीत चिकन खातोय, कोणी नुसतीच काकडी खातंय, तीही बघते. काल फोनने दाखवलं: चार तास दहा मिनिटं. वर्गात मागच्या बाकावर आवाज बंद करून बघते, रात्री दोन वाजता पांघरुणात बघते. शिवाय पाककृतींचे स्क्रीनशॉट काढून ठेवते, २१२ झालेत. स्वयंपाक येत नाही, खोलीत पाणी उकळायच्या किटलीशिवाय काही नाही, तरी २१२!

गंमत म्हणजे नुसतं बघून पोट भरल्यासारखं वाटतं. दुपारचा डबा मी हल्ली बहुतेक वेळा मैत्रिणींना देऊन टाकते, पण तो मुद्दा नाही. मुद्दा हा की परीक्षा तोंडावर आली आहे आणि माझे चार तास यात जातात. फोनची ही सवय कोणी मोडली असेल तर सांगा. एखादं ॲप वगैरे?

आळशी_कासव

काकडी खातानाचा व्हिडिओ चाळीस मिनिटं बघणाऱ्या व्यक्तीला माझा साष्टांग नमस्कार. हलके घे.

उपाय: फोनचा पडदा कृष्णधवल करून टाक. रंग गेले की अर्धी मजा जाते. मी क्रिकेटचे जुने सामने असेच सोडवले. (सोडवले म्हणजे कमी केले.)

बोरूबहाद्दर

मुकबांग म्हणजे काय? आणि दुसऱ्याला खाताना बघण्यात कसलं आलंय सुख? आमच्या वेळी कोणी जेवताना टक लावून पाहिलं तर नजर लागते म्हणायचे.

खिडकीतली_मांजर

@बोरूबहाद्दर काका, कोरियन भाषेतल्या 'खाणं' आणि 'प्रसारण' या दोन शब्दांची तोडून केलेली जोडाजोड आहे ती. दक्षिण कोरियात २००९-१०च्या सुमारास थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर हा प्रकार रुजला. एकटं राहणारे, एकटं जेवणारे खूप. एकट्याने जेवण्याला तिथे 'होन्बाप' असा वेगळा शब्दच आहे. समोर पडद्यावर कोणीतरी जेवत असलं की सोबत वाटते. २०२१मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशातही मुकबांग गेला. नजर लागत असती तर ते सगळे एव्हाना आजारी पडले असते.

सावली, मीपण आर्मी. बायस, म्हणजे गटातला सगळ्यात लाडका कोण? (मला विचारशील तर युंगी.)

जांभळी_सावली

@मांजर जिनच! पण दर कमबॅकला (नवीन गाणी घेऊन येतात तेव्हा) नामजून घात करतो.

@कासव कृष्णधवल करून पाहिलं. काळी-पांढरी नूडल्स पण बघितली. 😭

मधली_सुट्टी

धागा पूर्ण वाचला. सगळे फोनबद्दल बोलताहेत, मला मात्र एका वाक्यावर अडखळायला झालं. "डबा मैत्रिणींना देऊन टाकते, पण तो मुद्दा नाही."

किती दिवस झाले असं करतेस? आणि मग दिवसभरात जेवतेस कधी? उगाच चौकशी वाटली तर सोडून दे, रागावू नकोस.

जांभळी_सावली

रागावले नाही ताई. पण खरंच तो मुद्दा नाही. दुपारी भूकच नसते. सकाळी कॉफी घेते, रात्री थोडं जेवते. सगळ्या मुली असंच करतात. आणि कमबॅकच्या आधी ते लोक किती कमी खातात ते बघितलं की आपण तर काहीच करत नाही असं वाटतं.

चकाकी_०७

हो ना!! मी पण एक आयडल (कोरियन पॉप स्टार) डाएट केलं होतं, पाच दिवसांत फरक. सकाळी [मजकूर काढला], दुपारी [मजकूर काढला], रात्री फक्त [मजकूर काढला]. वजन [मजकूर काढला] वरून

संपादक

@चकाकी_०७ तुमचा हेतू वाईट नाही, पण आकडे काढले आहेत. या धाग्यावर वजन, कॅलरी आणि 'दिवसभरात काय खाल्लं' याच्या याद्या नकोत. वाचणारा कोणत्या अवस्थेत आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि अशा याद्या लोक उतरवून घेतात.

जांभळी_सावली

...मी आधीच उतरवून घेतली होती. फोनच्या नोट्समध्ये आहे.

जुनी_वही

लांबलचक लिहिणार आहे. घाई असेल त्यांनी पुढे जावं.

मी आहारशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. धागाकर्तीच्या पहिल्या प्रतिसादातले २१२ स्क्रीनशॉट वाचले आणि मला एका प्रयोगाची आठवण झाली. तो दरवर्षी वर्गात सांगितला की मुलं जागी व्हायची.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात लोक उपासमारीने खंगले होते आणि त्यांना पुन्हा खायला कसं घालावं हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. म्हणून १९४४च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुण घेतले. सैन्यात जाऊन शस्त्र उचलायला विवेकबुद्धीने नकार दिलेले, धडधाकट, आपणहून आलेले. विद्यापीठाच्या स्टेडियमखालच्या खोल्यांत त्यांची राहायची सोय होती. पहिले बारा आठवडे नेहमीसारखं जेवण. मग चोवीस आठवडे अर्धपोटी. आकडे मीही सांगत नाही, पण एक लक्षात घ्या, उपाशी नव्हे, अर्धपोटी. रोज जेवत होते.

अर्धपोटी राहिल्यावर या लोकांना काय झालं? अशक्तपणा आला, उन्हाळ्यात थंडी वाजायला लागली, चिडचिड वाढली, हे कोणीही सांगेल. पण ते खाण्याबद्दलच बोलायला लागले. प्रेम, राजकारण, पुस्तकं यातला रस गेला. काही जण ताटातला एकेक घास तासभर पुरवायचे, ताटल्या चाटायचे, च्युइंग गम चघळत राहायचे. आणि काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवायला सुरुवात केली. ज्यांनी आयुष्यात कधी कढई हातात घेतली नव्हती त्यांनी! रात्री झोपताना कादंबरी वाचावी तशी ते ती वाचायचे.

किटलीशिवाय काही नसताना २१२ पाककृती, म्हणून मला ते आठवलं.

बाळ, तू व्यसन म्हणतेस त्याला मी भूक म्हणेन. तू तिला दुपारी दारातून परत पाठवतेस, ती रात्री दोन वाजता खिडकीतून आत येते. "भूकच नसते" म्हणालीस, तेही खरं असेल. बरेच दिवस जेवण टाळलं की भुकेचे इशारे बोथट होतात, जठर सावकाश रिकामं होतं, चार घासांत पोट गच्च वाटतं. म्हणून पोट काय सांगतं यावर सध्या विसंबू नकोस. ॲपने यातलं काही सुटणार नाही.

एकच विचारते, उत्तर इथे नाही दिलंस तरी चालेल. थंडी वाजते का? केस गळतात का? उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? पाळी नियमित आहे का? शरीराला पुरेसं मिळेनासं झालं की ते काटकसर करतं. थायरॉइडचं टी-३ संप्रेरक घटतं, हातपाय गार पडतात, नाडी मंदावते आणि मेंदूतला हायपोथॅलॅमस पाळीचा खर्च आधी बंद करतो. यासाठी अगदी हाडकुळंच दिसावं लागतं असं नाही.

आळशी_कासव

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. काकडीवर हसलो होतो.

बोरूबहाद्दर

जुनी_वही, उत्तम माहिती. पण मूळ कारणावर बोला की. हे परदेशी नाचरे, त्यांची पोस्टरं, त्यांच्यासारखं दिसायचा हट्ट. हे खूळ सोडलं की जेवण आपोआप सुरू होईल. फोन काढून घ्या.

खिडकीतली_मांजर

काका, हे इतकं सोपं असतं तर बरं झालं असतं.

के-पॉपचं (कोरियन पॉप संगीताचं) सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. ओह माय गर्ल या गटातली जिन-ई २०१६च्या ऑगस्टमध्ये ॲनोरेक्सियाच्या (जेवण टाळत राहण्याच्या आजाराच्या) उपचारांसाठी बाजूला झाली आणि पुढच्या वर्षी तिने गट सोडला. तेव्हा आम्हा चाहत्यांमध्ये बरंच बोलणं झालं. कमबॅकच्या आधी "ती किती बारीक झाली, किती छान" असं लिहिणारे आपणच असतो, हे मला तेव्हा कळलं. तशा कॉमेंट लिहिणं मी सोडलं.

पण तोच जिन लाइव्हवर विचारतो, "बाप मॉगॉस्सॉयो?" जेवलात का? ('बाप' म्हणजे कोरियनमध्ये शिजवलेला भात, आणि जेवणही. आमच्या आजीला हे सांगितलं तेव्हा ती पाच मिनिटं हसत होती.) बिघाड नुसत्या फॅनडमचा असता तर आम्ही सगळ्याच उपाशी राहिलो असतो. मी तर कमबॅकच्या रात्री दुप्पट जेवते.

मधली_सुट्टी

+१. आणि फोन काढून घेतला की पोर लपवायला शिकते, बाकी काही होत नाही. अनुभवाचे बोल.

अनाहूत_पाहुणा

पुरुष आयडी आहे, मध्ये बोलतो. हा फक्त मुलींचा विषय वाटतो म्हणून मुलगे बोलत नाहीत. मी वन डायरेक्शनवाला, म्हणजे त्या ब्रिटिश बॉय बँडचा चाहता. (हो, मुलगा आणि वन डायरेक्शन. शाळेत यावरून पुरेसं ऐकून झालंय.) त्यातल्या झेन मलिकने २०१६मध्ये स्वतः लिहिलं की गटात असताना तो कधी कधी दोन-तीन दिवस काही न खाता राहायचा. वजनाची भीती नव्हती, बाकी आयुष्यातलं काहीच त्याच्या हातात नव्हतं, खाणं तेवढं होतं. ते वाचलं तेव्हा मी बारावीत होतो आणि माझंही तेच चाललं होतं. मार्क हातात नव्हते, घरातली भांडणं हातात नव्हती. ताट पुढे सारणं हातात होतं.

सावली, तुझं कारण वेगळं असेल. पण परीक्षा तोंडावर आहे असं तूच लिहिलंयस.

जांभळी_सावली

दोन दिवस इकडे आले नाही. वाचत होते.

एक सांगते. फोटोकार्डासोबत जेवणाचा फोटो काढायची एक पद्धत आहे, कोरियन चाहते त्याला 'येजॉलशॉट' म्हणतात. येजॉल म्हणजे शिष्टाचार. जेवायच्या आधी कार्ड ताटासमोर धरायचं, जणू त्याला आधी विचारलं. मांजरला माहीत असेल. मी रोज काढते. डबा उघडते, जिनचं कार्ड धरते, उजेड बरोबर येईपर्यंत कोन बदलते, फोटो ग्रुपवर टाकते. मग झाकण लावते आणि डबा शेजारी सरकवते.

मागच्या महिन्यात जिनचं लाइव्ह चालू होतं. खाली प्रश्न आला, जेवलात का. हजारो लोक "हो हो" टाइप करत होते. मीपण केलं. हो, जेवले. डबा मांडीवर होता, बंद. तो माझी कॉमेंट वाचणार नव्हता हे मला माहीत आहे, कॉमेंटी इतक्या वेगाने वर जातात की स्वतःचीच सापडत नाही. तरी मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. आईला रोज फोनवर तेच खोटं सांगते, तेव्हा काही वाटत नाही. त्याला सांगितलं तेव्हा वाटलं. वेडीच आहे ना मी.

जुनी_वहींच्या चार प्रश्नांपैकी तीनचं उत्तर हो आहे.

दोघींची_आई

वेडी नाहीस ग. फोनवर "जेवलीस का" विचारायची आम्हाला सवय होते आणि "हो" ऐकायचीही. माझी धाकटी सहा महिने "हो" म्हणत होती. मी एकदाही "काय जेवलीस" विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित तेही रचून सांगितलं असतं.

आईला सांग. जमत नसेल तर हा धागाच पाठव.

जुनी_वही

तीन म्हणजे आता इथे लिहिण्यापेक्षा डॉक्टरांकडे जाणं आधी. कॉलेजच्या दवाखान्यात चालेल. नाडी, बसून आणि उभं राहून रक्तदाब, रक्ततपासणी, लागला तर ईसीजी. सोबत मैत्रिणीला ने, नाहीतर तिथे जाऊन "थोडा अशक्तपणा आहे" म्हणशील, टॉनिकची बाटली घेऊन परत येशील. स्पष्ट सांग: मी जेवण टाळते.

आणि आजपासून एकदम भरपूर खायला लागायचं नाही. बरेच दिवस खूपच कमी खाल्लेल्या माणसाने अचानक खूप खाल्लं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम घसरून धोका होऊ शकतो. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टर सांगतील.

चकाकी_०७

मी ती यादी टाकायला नको होती. सॉरी. माझीही पाळी तीन महिने आली नाहीये. मला वाटलं बरंच आहे, कटकट गेली.

जुनी_वही

चकाकी, तूपण जा. याच आठवड्यात. गंमत नाही.

बोरूबहाद्दर

मी "खूळ" हा शब्द मागे घेतो. नातीला आज फोन केला होता. ती कुठल्याशा सात जणांच्या नावांचा क्रम सांगत होती, मला दोनच लक्षात राहिली. जेवलीस का विचारलं, हो म्हणाली. मग काय जेवलीस तेही विचारलं. गप्प झाली. उद्या पुन्हा करतो.

जांभळी_सावली

अपडेट. नऊ दिवसांनी.

खोलीतल्या मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं, रोज तुझा डबा मीच खातेय." मग दोघी थोडं रडलो. ती म्हणाली, तिचा डबाही तीच खाते, तेव्हा वजन वाढलं त्याला जबाबदार मी आहे.

डॉक्टरबाईंनी पाच छोटे प्रश्न विचारले. मी घरी येऊन शोधलं, ती 'स्कॉफ' नावाची चाचणी आहे, १९९९ची, दोन 'हो' आले तरी पुढे तपासतात. माझे किती आले ते नाही सांगत, संपादक काढून टाकतील. नाडी मंद आहे. रक्तदाब उभं राहिल्यावर खाली येतो. हिमोग्लोबिन कमी. समुपदेशकांकडे पाठवलंय, पहिली भेट झाली. तिथे खुर्च्या फार वाईट आहेत, बाकी ठीक. खाण्याचं वेळापत्रक आहारतज्ज्ञ देणार आहेत, तोपर्यंत भुकेची वाट न बघता घड्याळ बघून खायचं असं ठरलंय. पहिल्या दिवशी पाव डबा खायला पन्नास मिनिटं लागली. पोट फुगलं, प्रॅक्टिकलला उशीर झाला, खूप राग आला. तुम्हा सगळ्यांचा आला, खरं सांगते.

नोट्समधली यादी अजून उडवलेली नाही. बघू.

मुकबांगही चालूच आहे, पण दुपारी ताटासमोर लावते आणि तो जिन घास घेतो तेव्हा मी घेते. समुपदेशक म्हणाल्या चालेल, सध्या चालेल. तो फार भराभर खातो, मला पुन्हा पुन्हा थांबवावं लागतं.

आईला अजून नाही सांगितलं. रविवारी.

खिडकीतली_मांजर

काल तुझा येजॉलशॉट ग्रुपवर बघितला. कार्ड तिरकं होतं, मागे डब्यात भात अर्धाच होता. फोटो जेवणाआधीचा की मधला?

जांभळी_सावली

मधला. शिष्टाचार मोडला. 😬

आळशी_कासव

जिन रागावणार नाही. २१२चे किती झाले?

जांभळी_सावली

२१९.